खुब्यातला कोबाल्ट आणि पंधरा एमव्हीचा शेक: सोलापुरातलं एक प्रकरण

मी सोलापुरातल्या एका रुग्णालयात मेडिकल फिजिसिस्ट आहे. शेक, म्हणजे कर्करोगावरचे किरणोपचार, देणाऱ्या मशीनचं मोजमाप, रुग्णाचं प्लॅनिंग आणि विभागाची किरणोत्सार सुरक्षितता ही माझी कामं. या प्रकरणातल्या रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चुका बदललेल्या नाहीत, आणि त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण साठीच्या पुढची. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू बोलणारं घर, बाई आयुष्यभर विड्या वळणारी. घरात मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू. मुलगा यंत्रमागाच्या मोटरी रिवाइंड करतो. हे पुढे फार कामाला आलं.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. अशा वेळी ठरलेला मार्ग असतो. आधी बाहेरून शेक, पंचवीस दिवस, रोज 2 ग्रे (ग्रे हे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांच्या मात्रेचं एकक). बरोबर आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचं औषध. मग आतला शेक, म्हणजे ब्रॅकीथेरपी: किरणांचा स्रोत थोडा वेळ शरीराच्या आत ठेवून दिलेला. पहिल्या दिवसापासून शेवटच्यापर्यंत सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपलं पाहिजे. रेंगाळलं की आजार परत डोकं वर काढण्याची शक्यता वाढते. आमच्या जिल्ह्याला हा आजार नवा नाही. बार्शीत 1987 पासून ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी चालू आहे आणि सुरुवातीपासून बायकांच्या रकान्यात हा आजार ठळक दिसत आला आहे.

मावशींचा डावा खुबा सात वर्षांपूर्वी मोरीत पडून मोडला होता. तेव्हा त्यात धातूचा गोळा बसवलेला. त्या शस्त्रक्रियेच्या कार्डावर चिकटवलेल्या स्टिकरवर मिश्रधातूचं नाव होतं: कोबाल्ट-क्रोम.

आमच्या मशीनवर, म्हणजे लिनॅकवर, दोन ताकदींचे क्ष-किरण मिळतात: 6 एमव्ही आणि 15 एमव्ही (एमव्ही म्हणजे मेगाव्होल्ट, आकडा मोठा तसा झोत जोरकस). मावशींचं शरीर स्थूल, त्यामुळे आजाराची जागा खोलवर. 15 एमव्हीचे किरण खोल पोचतात. म्हणून नेहमीच्या सवयीने मी चार बाजूंनी, पुढून, मागून, डावीकडून आणि उजवीकडून, 15 एमव्हीचं प्लॅन केलं. सीटीवर गोळ्याभोवती धातूच्या पांढऱ्या-काळ्या रेघा पडल्या होत्या. मी धातू आखून घेतला, त्याला घनता दिली आणि पुढे गेलो. डावीकडून येणारा झोत थेट त्या गोळ्यातून जात होता. हे मला दिसत होतं, पण तेव्हा ते डोळ्यात सललं नाही.

अडचण कशी उभी राहिली

जानेवारीचा पहिला पंधरवडा. सोमवारी, मंगळवारी, बुधवारी शेक झाला. पहिल्याच दिवशी मुलाने तंत्रज्ञाला विचारलं, ‘आईच्या खुब्यात कोबाल्ट हाय. शेकानं ते तापतंय का, त्यातनं किरण निघतात का?’ तंत्रज्ञ म्हणाला, ‘काही होत नाही.’

आता त्या मुलाच्या डोक्यात काय होतं ते बघा. त्यांच्या गल्लीतल्या एका काकांना पूर्वी ‘कोबाल्ट’ दिला होता. आपल्याकडे जुन्या पिढीत शेकाला सर्रास कोबाल्टच म्हणतात, कारण मशीनच तसं असायचं: पोटात कोबाल्ट-60 चा स्रोत, दिवसरात्र किरण सोडणारा. आणि इथे आईच्या हाडात कोबाल्ट बसवलेलं. नाव एकच. गोळ्यातलं कोबाल्ट-59 हे स्थिर, म्हणजे किरण न सोडणारं असतं, मशीनमधलं कोबाल्ट-60 अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून बनवलेलं असतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

बुधवारी त्याने आणखी एक गोष्ट टिपली. झोत संपला, लाल दिवा विझला, तरी तंत्रज्ञ आत गेला नाही. दोन मिनिटं बाहेर उभा राहिला, मग दार उघडून मावशींना उतरवलं. 15 एमव्हीवर आमच्याकडे तसा नियमच आहे. मशीनच्या डोक्यातले टंगस्टन, तांबं, ॲल्युमिनियम थोडा वेळ किरणोत्सारी होतात. दिवसाला चाळीस वेळा आत-बाहेर करणाऱ्या माणसाने ते थोडं विझू द्यावं, इतकंच. पण मुलाला दिसलं ते वेगळं. आई आत एकटी, आणि ‘काही होत नाही’ म्हणणारा माणूस दाराबाहेर थांबलेला.

गुरुवारी ते आले नाहीत.

शुक्रवारीही नाही. नंतरच्या आठवड्यातही गुरुवारपर्यंत तसंच. त्या दिवसांत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुका, बंद रस्ते, घरोघरी पाहुणे. आम्ही सरळ धरून चाललो की लोक गड्ड्याला गेले असतील, संक्रांत झाली की येतील. फोन कुणीच केला नाही. या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक हीच. दुसऱ्या आठवड्याच्या बुधवारी अस्थिरोगतज्ज्ञांचा मला फोन आला: ‘तुमच्या पेशंटचा मुलगा समोर बसलाय. गोळा काढून द्या म्हणतो. काय सांगितलंय काय तुम्ही त्याला?’

घरात काय चाललं होतं ते नंतर कळलं. नातू आजीजवळच झोपायचा, त्याला दुसऱ्या खोलीत हलवलं होतं. मावशींचं ताट-वाटी वेगळं केलं होतं. आणि मावशींनी स्वतःच सांगून टाकलं होतं की पोराला काही होण्यापेक्षा मला शेकच नको.

खरं उत्तर काय होतं

‘काही होत नाही’ हे 6 एमव्हीच्या बाबतीत खरं आहे. 15 एमव्हीच्या बाबतीत ते काटेकोरपणे खोटं आहे. थोडं थांबून हे सांगतो, कारण सगळं इथेच अडलं होतं.

अणुकेंद्रातून एखादा न्यूट्रॉन उखडून काढायला किमान ठरावीक ऊर्जा लागते. तेवढी ऊर्जा असलेला क्ष-किरण आदळला तर न्यूट्रॉन बाहेर पडतो, आणि उरलेलं केंद्र पुष्कळदा किरणोत्सारी असतं. बोटे आणि गेंटनर या जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी 1937 मध्ये 17 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (अणुकेंद्राच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) गॅमा किरणांनी तांब्यात हे घडवून दाखवलं होतं. हा उंबरठा कोबाल्ट-59 साठी सुमारे 10.5 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, तांबं-63 साठी 10.9, निकेल-58 साठी 12.2, टायटॅनियम-46 साठी 13.2. सोनं त्या मानाने हळवं, 8.1 लाच हलतं.

6 एमव्हीच्या झोतात सगळ्यात जोरकस किरणसुद्धा 6 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पुढे जात नाही. म्हणजे उंबऱ्याला पाय लागायचाही प्रश्न येत नाही. 15 एमव्हीच्या झोतात मात्र कमाल 15. त्यातले बहुतेक किरण खालच्याच ऊर्जेचे, पण थोडे 10.5 च्या वर असतात, आणि ते कोबाल्ट-59 चं कोबाल्ट-58 करू शकतात. त्याचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा वेळ, 71 दिवस. शिवाय मशीनच्या डोक्यातून सुटलेले न्यूट्रॉन गोळ्यात शिरून कोबाल्ट-60 चे थोडे अणू बनवतात.

तेव्हा मुलाची शंका खुळचट नव्हती. तिला फक्त ‘किती’ हा शब्द जोडायचा राहिला होता.

मी ढोबळ हिशेब मांडला, मुद्दाम वरच्या टोकाचा. 200 ग्रॅम धातू पंचवीसही दिवस पूर्ण मात्रेच्या झोतात आहे असं धरलं. कोबाल्ट-58 ची बेरीज शे-दोनशे बेकरेलच्या घरात आली. बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा ऱ्हास. कोबाल्ट-60 त्याहून कितीतरी कमी. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात अन्नातून आलेलं पोटॅशियम-40 असतं, मोठ्या माणसात चार हजार बेकरेलच्या आसपास. गोळ्यापासून मीटरभर अंतरावर मिळणारी मात्रा आपल्या घरातल्या नैसर्गिक पार्श्वभूमीच्या (सगळीकडे कायम असणाऱ्या किरणोत्साराच्या) हजारो पटींनी खाली. तेही पूर्ण पंचवीस दिवसांसाठी. मावशींचे झाले होते तीन.

समोर कोणते पर्याय होते

गोळा काढणं हा पर्याय अस्थिरोगतज्ज्ञांनी आणि मी एका मिनिटात बाद केला. मोठी शस्त्रक्रिया, जखम भरायला आठवडे, आणि तेवढ्यात कर्करोग मोकाट.

तेच प्लॅन पुढे चालू ठेवून समजूत काढायची, असं आमच्या वरिष्ठ डॉक्टरांचं मत होतं. आकडे तर बाजूने होतेच.

दुसऱ्या गावी कोबाल्ट मशीनवर पाठवायचं? त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा 1.17 आणि 1.33 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यामुळे गोळ्यात काही बनायचा संबंधच नाही. गंमत अशी की ज्या नावाला ते घाबरले होते तेच मशीन या बाबतीत निर्धोक. पण स्थूल शरीरात खोलवर मात्रा पोचवताना ते दमतं, आणि कातडीजवळ जास्त मात्रा पडते. पुण्याला पाठवायचं म्हटलं तर अडीचशे किलोमीटर, पाच आठवडे राहायची सोय, मुलाचं दुकान बंद.

उरलं ते 6 एमव्हीचं नवं प्लॅन: मशीन रुग्णाभोवती फिरत कमानीने शेक देईल, आणि डाव्या खुब्याच्या कोनातून झोत आत येणार नाही. त्याला नव्याने दोन दिवसांचं काम होतं.

याच ठिकाणी मला माझ्या पहिल्या प्लॅनकडे नीट बघावं लागलं. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या 63 क्रमांकाच्या कार्यगटाने 2003 मध्येच सांगून ठेवलंय की खुब्याच्या कृत्रिम सांध्यातून झोत नेणं शक्य तितकं टाळा. कारण किरणोत्सार नव्हे, सावली. कोबाल्ट-क्रोमची घनता पाण्याच्या जवळपास आठपट. त्यामागे झोत बराच मंदावतो, आणि सीटीवरच्या रेघांमुळे संगणकाला तिथली मात्रा नीट मोजताही येत नाही. म्हणजे मुलगा ज्या गोष्टीला घाबरत होता ती नगण्य होती. ज्या गोष्टीला कुणीच घाबरत नव्हतं, ती मात्र उपचाराला खरोखर बाधक होती. प्लॅन बदलायलाच हवं होतं. घरच्यांनी प्रश्न विचारला नसता तरीही.

काय केलं

त्याच बुधवारी मी मुलाला फोन केला. पहिलं वाक्य ठरवून बोललो: ‘तुमचा प्रश्न बरोबर होता, आमचं उत्तर अर्धवट होतं.’ पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, ‘मंग हुतंय तर.’ मी म्हटलं, होतं, पण किती ते तुमच्या डोळ्यांनी बघा. येताना दुकानातली तांब्याची तार घेऊन या.

हे दाखवायचं की नाही यावर विभागात वाद झाला. सहकारी म्हणाली, ‘आधीच घाबरलेत, त्यात मीटरची टिकटिक ऐकवणार? गल्लीभर होईल.’ तिच्या म्हणण्यात दम होता. पण नुसत्या शब्दांवरचा त्याचा विश्वास उडाला होता. रोज ॲम्पियर मोजणारा माणूस मीटरवर विश्वास ठेवेल असं मला वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचा रुग्ण गेल्यावर तारेचं छोटं भेंडोळं टेबलावर ठेवलं. आधी 6 एमव्ही, 10 ग्रे. तार बाहेर आणून कंट्रोल रूममध्ये सर्व्हे मीटरपासून, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रापासून, वीतभर अंतरावर ठेवली. मिनिटाला 35 ठोके. तार नसतानाही तेवढेच होते. सोलापूर काळ्या बेसाल्टवर वसलेलं, इथली पार्श्वभूमी तशी कमीच.

मग तीच तार, 15 एमव्ही, 10 ग्रे. या वेळी ठोके 4100. मुलगा खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. मी म्हटलं, दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटांनी 2040. आणखी दहा मिनिटांनी 1030. मग 540. तांबं-62 चा अर्धायुकाल पावणेदहा मिनिटांचा आहे. त्याने खिशातली पावती काढून तिच्या मागे आकडे लिहून घेतले होते. चौथ्या आकड्याच्या आधीच म्हणाला, ‘आता पाचशेच्या आसपास यील.’

नंतर त्याने मला पेचात पकडलं. ‘हे तांब्याचं झालं. कोबाल्टचं किती मिनिटं?’

71 दिवस, मी सांगितलं. सांगताना घसा कोरडा पडला होता, कारण तांब्याचा प्रयोग निवडताना मी ही फसवी सोय करून ठेवली होती, हे मला तेव्हाच जाणवलं. दहा मिनिटांत विझणारी वस्तू दाखवायची आणि तेच कोबाल्टलाही लागू आहे असं भासवायचं. त्याने विचारलं नसतं तर मी आपणहून सांगितलं असतं का? खात्री नाही.

सुदैवाने दुसरी वस्तू तयार होती. अस्थिरोगतज्ज्ञांकडून निर्जंतुकीकरणाची मुदत संपलेला कोबाल्ट-क्रोमचा एक गोळा मागवून ठेवला होता. त्यालाही 15 एमव्हीचे 10 ग्रे दिले, म्हणजे मावशींच्या एका दिवसाच्या किमान पाचपट. मीटरवर 35 चे 90 झाले. ते मुख्यतः मॉलिब्डेनम आणि क्रोमियमचं, लवकर विझणारं. चाळीस मिनिटांनी 45 च्या आसपास. दुसऱ्या दिवशी पार्श्वभूमीत मिसळून गेलेलं. कोबाल्ट-58 त्यात होतंच, पण इतकं थोडं की वीतभर अंतरावरून आमच्या मीटरला वेगळं ओळखू येईना. मग मी हिशेबाचा कागद पुढे ठेवला: तीन दिवसांचे जास्तीत जास्त पंचवीस बेकरेल, आणि शेजारी अंगातल्या पोटॅशियमचे चार हजार.

‘म्हंजे माझ्या अंगातनं जास्त निघतंय?’

‘निघतंय.’

‘मंग पोराला माझ्यापाशीच झोपवू नये म्हणायचं,’ म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. जाता जाता त्याने खरा प्रश्न टाकला: ‘सहाचंच पहिल्यापासून का नाही दिलं, साहेब?’ स्थूल शरीर, खोल जागा हे सांगितलं. सवयीने, हेही सांगितलं.

नवं प्लॅन बुधवारी रात्रीच सुरू केलं होतं. गुरुवारी उशिरा तपासून झालं, शुक्रवारी मावशी आल्या.

निष्पत्ती

शेकाचे सहा दिवस बुडाले होते. भरपाईसाठी तीन शनिवारी मशीन चालवलं. चौथ्या शनिवारीही चालवायचं होतं, पण त्या दिवशी दुरुस्तीची वेळ आधीच दिलेली. उरलेले बावीस दिवस 6 एमव्हीवर झाले, त्यापुढे आतला शेक तीन वेळा. पहिल्या सोमवारपासून मोजून त्रेपन्नाव्या दिवशी उपचार संपला. छप्पनच्या आत, पण ऐसपैस नव्हे. सिस्प्लॅटिनचा एक आठवडा मात्र कायमचा हुकला.

आतल्या शेकाच्या वेळी शंका परत वर आली, कारण तिथे इरिडियम-192 चा जिवंत स्रोत शरीरात जातो. या वेळी सुनेने विचारलं, आणि तंत्रज्ञानेच नीट उत्तर दिलं: स्रोत तारेवरून आत जातो, काही मिनिटांनी तिजोरीत परत येतो. त्याच्या किरणांची ऊर्जा इतकी कमी की गोळ्यात काही बनायची शक्यता नाही. माझी गरज पडली नाही.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत गाठ हाताला लागत नव्हती. खुबा आधी जसा ठणकायचा तसाच ठणकत होता. नातू पुन्हा आजीजवळ झोपतो.

कुठे वेगळं वागता आलं असतं

पहिल्याच दिवशी कार्डावरचं स्टिकर बघून मी थांबायला हवं होतं. आता सिम्युलेशनच्या, म्हणजे शेकाआधीच्या तयारीच्या, कागदावरच विचारतो: अंगात धातू कुठे, कोणता, कार्ड आहे का. धातू असेल तर 15 एमव्ही वापरण्याचं कारण लेखी द्यावं लागतं. पेसमेकर असेल तर ती चर्चा निराळी आणि जास्त गंभीर, कारण न्यूट्रॉन त्याचं सर्किट बिघडवू शकतात.

गुरुवारी सकाळी एक फोन झाला असता तर सहाऐवजी एकच दिवस बुडाला असता. यात्रा असो, सण असो, सलग दोन दिवस रुग्ण आला नाही तर दुपारपर्यंत फोन जातो, असा नियम आता आहे. पाळला जातो का? बहुतेक वेळा.

तंत्रज्ञाला दोष द्यायला मी तयार नाही. ‘काही होत नाही’ हे आम्हीच त्याला शिकवलं होतं. रांगेत पस्तीस माणसं असताना अणुकेंद्राचा उंबरठा समजावून सांगणं त्याचं काम नाही. पण दार उघडायला दोन मिनिटं का लागतात हे त्याला एका वाक्यात सांगता यायला हवं. ते वाक्य आम्ही चार वेळा बदललं. सध्या तो म्हणतो: ‘मशीनचं तोंड थोडं निवू देतो, आम्हाला दिवसभर आत जावं लागतं म्हणून. तुमच्या अंगात काही साठत नाही.’ शेवटचा तुकडा धातू नसलेल्या रुग्णाला चालतो. धातू असलेल्याला काय सांगायचं यावर सहकारीचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. तिच्या मते आता त्यांना 6 एमव्हीच मिळतं, मग विषय काढायचाच कशाला. मला वाटतं, विचारलं तर पूर्ण सांगावं.

तांब्याचा प्रयोग पुन्हा करेन का, तर प्रत्येकासमोर नाही. केला तर आधी कोबाल्टचा गोळा दाखवेन, मग तार.

तारेत तांबं-64 ही तयार झालेलं असतं, अर्धायुकाल पावणेतेरा तास, म्हणून ती लगेच परत दिली नाही. नोंदवहीत लिहून कपाटात ठेवली. दहाव्या दिवशी मीटर 35 वर होता. मुलगा मावशींना घेऊन आला तेव्हा पाकीट त्याच्या हातात दिलं. त्याने ते उघडून तार आधी मीटरसमोर धरली, आकडा वाचला, मग खिशात टाकली.